फलकचा अनुभव, आजपर्यंत

फलकचा बायोडाटा इटालियन भाषेत होता आणि तो वाचायचा होता खामगावच्या माणसांनी. गावात नव्यानं निघालेल्या इंग्रजी शाळेच्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या होत्या, “इंग्रजीत करून पाठवा. शिकवण्याचा अनुभव नीट लिहा, जागा तुमचीच समजा.” तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. चार वर्षांत घराबाहेर पडायची ही पहिलीच संधी. ती गेली तर दुसरी कोण आणून देणार होतं?

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर, अकीलबरोबर, इटलीला गेली होती. तो तिथं गोदामात कामाला. ती भाषा शिकली आणि एका शाळेत लागली. काम जगावेगळं. पंजाबातून, लाहोरकडून आलेलं एखादं पोर वर्गात मुकं बसायचं. फलक त्याच्या शेजारी बसायची, चित्रं काढून दाखवायची, त्याचं वर्गाच्या बाईंना आणि बाईंचं त्याला हिंदी-उर्दूत सांगायची. पोर तिच्याकडे न बघता स्वतः बोलू लागलं, की तिचं काम संपलं. मग पुढचं पोर. असं छान चाललेलं असताना सासरे कादरमियाँना लकवा मारला, वाचा गेली. अकील म्हणाला, दोन महिने जाऊन येऊ. ते दोन महिने अजून चालूच आहेत.

दुपारी सासरे झोपल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली. शेजारी बसण्याला इंग्रजीत काय म्हणावं? अकील रजई-गाद्यांच्या दुकानातून जेवायला आला होता.

“सरळ टीचर लिहून टाक ना. कोन जाते इटलीले पाहाले?”

“टीचर नोती मी.”

“मंग काय होती? सांग बरं खामगावच्या मानसाले.”

तिनं भाषा-सहायक असं काहीसं लिहिलं. एवढी वर्षं दोन ओळींत मावली याचा तिला रागच आला.

शेवटच्या नोंदीपाशी ती अडली. इटलीतल्या मैत्रिणीनं तिथं लिहून दिलं होतं, अमुक सालापासून आजपर्यंत. ते ‘आजपर्यंत’ खोडून तिनं नोकरी सुटल्याचं साल घातलं आणि तिचे डोळे भरून आले. त्यापुढची चार वर्षं कोरी.

कोरी कशी? कादरमियाँसाठी तिनं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढली होती. पाणी, गोळी, रजई, दार. दार म्हणजे बाहेर न्या. ते बोट ठेवत आणि फलक त्यांच्या भुवईवरून बाकीचं ओळखायची. सासूला, नूरजहांबींना, तिनं शिकवायचा आटापिटा केला. “मले नाई समजत बाई, त्याईची बोली तुलेच येते,” हे ठरलेलं उत्तर. अकीलचंही तेच. ते शिकले असते तर फलक मोकळी झाली असती, आणि ती मोकळी झालेली कोणाला हवी होती? हुशारी अंगाशी येते म्हणतात, ती अशी.

“मी कुठं नाई म्हनून राह्यलो?” अकील हात धुता धुता म्हणाला. “पन अब्बाचं कोन समजून घेईन? त्याईनंच हो म्हनलं पायजे.”

कॉटवरून खाकरल्याचा आवाज आला. कादरमियाँ जागेच होते, ऐकत होते. त्यांनी दाराचं चित्र उचललं. फलक व्हीलचेअर आणायला उठली, तर त्यांनी मान हलवली. चित्रावर बोट टेकवलं, मग तेच बोट फलककडे केलं. पुन्हा दार. पुन्हा फलक.

इतकं स्वच्छ ते चार वर्षांत बोलले नव्हते.

“काय म्हनतेत वो?” नूरजहांबींनी विचारलं.

“म्हनतेत, फलकले जाऊ द्या,” फलक म्हणाली.

अकील हसला. मग हसू आवरून बायकोकडे पाहत राहिला. “हे अब्बा म्हनून राह्यले, का तू?”

चार वर्षं म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द तिच्याच तोंडून घरात आला होता. ती गोळी म्हणाली तर गोळी, रजई म्हणाली तर रजई. कुणी कधी शंका घेतली नव्हती. आज साक्षीला दुसरं कोणी आणायचं कुठून?

कादरमियाँनी चित्र कॉटच्या कडेवर आपटलं.

“तहान लागली असन,” म्हणत नूरजहांबींनी पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड गच्च मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. फलकनं ते ओढणीनं पुसलं आणि चित्र जागेवर ठेवायला त्यांच्या हातातून घेऊ लागली, तर ते सोडेनात.