नेकारकाठी गेलेला लाडवांचा डबा

आमच्या व्याह्यांना जगात परका माणूस म्हणून अजून कुणी भेटलेलाच नाही. आम्ही बोरिवलीचे, ते मुलुंडचे. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पहिला चहा संपायच्या आत त्यांनी माझं नाव बाजूला ठेवून मला ‘बोरिवली’ म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत. ‘काय बोरिवली, गुडघे काय म्हणतात?’ असा त्यांचा फोन येतो. त्या दिवशी पोह्यांच्या बश्या हातात आल्या आणि माझी बायको दचकली. स्टीलच्या प्रत्येक बशीवर वेगळं आडनाव कोरलेलं: एकीवर सावंत, एकीवर शहा, एकीवर डिसोझा. हिला वाटलं, ही मंडळी भांडी मागून संसार करतात की काय. मग उलगडा झाला. त्यांच्या मजल्यावर कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बशीतून घावणे आले की त्या बशीत काहीतरी घालूनच ती परत पाठवायची. ते काहीतरी सुचेपर्यंत बशी इथेच मुक्कामाला, आणि तोवर इकडचा एखादा टोप तिकडे गेलेला असतो. स्वतःच्या नावाचं भांडं आपण आपल्या घरात कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही, हे ते मोठ्या अभिमानानं सांगतात.

विहीणबाई गेल्या आणि ते घरात एकटे राहिले. लेक-जावई जर्मनीत असतात; तेव्हापासून जावयाच्या मनात होतं की त्यांना तिकडे आपल्याजवळ कायमचं आणावं. यंदा त्यानं आम्हा तिघांनाही तिकडे बोलावलं आणि शनिवार-रविवार नेकार नदीकाठच्या एका जुन्या, निवांत गावात राहायचा बेत केला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “पप्पा, आप्पांना तिथं आवडलं तर मी त्यांना विचारणार आहे, इथंच राहता का म्हणून. बाकीचं सगळं मी बघतो. तुम्ही फक्त गोडीनं विषय काढा ना. ते तिकडे एकटे आहेत, माझं कशात लक्ष लागत नाही.” जावयानं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही, तेव्हा मी बरं म्हटलं.

गाव खरोखर देखणं होतं. लाकडी तुळयांची तिरकी घरं, टेकडीवर पडका किल्ला, खाली संथ नदी आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. व्याही गाडीतून उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हलक्या आवाजात म्हणाले, “कोण वारलंय का हो इथं?” मग एका घराच्या तुळईवर कोरलेलं साल लेकीनं वाचून दाखवलं. ते कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “एवढं जुनं, आणि अजून रिडेव्हलपमेंटला गेलं नाही? बिल्डर नाहीत वाटतं इकडे.” संध्याकाळपर्यंत त्यांनी नदीवरच्या बदकवाल्या आजोबांशी, चर्चमध्ये झाडणाऱ्या बाईंशी आणि एका कुत्र्याशी ओळख करून घेतली होती. भाषेची त्यांना कधी अडचण येत नाही. ते मालवणीत बोलतात, समोरचा जर्मनमध्ये बोलतो, आणि शेवटी दोघं आपापले गुडघे दाखवतात. मी मनात म्हटलं, जावयाचं काम झालं.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई शेजारीच राहायच्या. व्याह्यांनी मुलुंडहून आणलेले बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि रविवारी सकाळी त्यांना नेऊन दिले. बाई हरखल्या. परत येताना व्याह्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “आता मजा बघा. डब्यातून काय येतं ते,” म्हणाले. “प्लमचा केक करतात म्हणे इथं. किंवा बटाट्याचं काहीतरी असेल.”

आमचा चहा संपतो न संपतो तोच बेल वाजली. मालकीणबाई दारात उभ्या. लाडू काढून घेऊन डबा घासून, पुसून, अगदी लखलखीत करून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला आणि मनापासून आभार मानले. “बघा आप्पा, किती टापटीप लोक आहेत,” जावई कौतुकानं म्हणाला. व्याह्यांनी हसून डबा घेतला. बाई गेल्यावर झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

मग आम्ही दोघे नदीकाठच्या बाकावर जाऊन बसलो. मी विषय काढणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “बोरिवली, मला कळलंय आपण इथं कशाला आलोय ते. पोराचा जीव तुटतो माझ्यासाठी. बाईंचंही काही चुकलं नाही हां. डबा दिला, डबा आला, मिटलं. आमच्या मजल्यावर काही मिटतच नाही हो. ही गेली त्या महिन्यात घरात चूल पेटली नव्हती, पण एक भांडं रिकामं नव्हतं. मी इथं नाही राहू शकणार.” एक मालवाहू बोट निवांत पुढे गेली. ती दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, “पण पोराला तुम्ही सांगा. माझ्यानं नाही व्हायचं.”

मी सांगितलं. जावई गाडीत सामान लावत होता. त्यानं ऐकून घेतलं, हातातली बॅग खाली ठेवली आणि जाऊन वडिलांशेजारी बसला. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. मी उगाच बॅगा इकडच्या तिकडे करत राहिलो. दोघं पाण्याकडे बघत होते.