हारुकोबाईंची लाल गळपट्टी

मनीषाचं जपानी पुण्याच्या क्लासमधलं, परीक्षेपुरतं. इंग्लंडात, मेडनहेडच्या ऑफिसात त्यावर पगार मिळायचा, पण जिव्हाळ्याचं एक वाक्य बोलायची वेळ कधी आली नव्हती. ती आली स्लाऊच्या एका केअर होममध्ये. तिथल्या हारुकोबाई ऐंशीच्या घरातल्या. म्हातारपणी इंग्रजी पार विसरल्या, म्हणून त्यांच्याशी जपानीत बोलणारं माणूस हवं होतं.

पहिल्याच शनिवारी बाईंनी तिला ‘ओनेसान’ म्हटलं. म्हणजे ताई. धाकटी अक्षया वारल्यापासून मनीषाला अशी हाक कोणी मारली नव्हती. दुधाची तहान ताकावर, हे कळत असूनही ती दर शनिवारी बस पकडू लागली.

बाईंचा प्रश्न एकच. “ताई, माझी कॉलर कधी बदलणार?”

त्यांच्या अंगात किमोनोखाली घालायची जुनी बंडी असायची, विरलेल्या लाल गळपट्टीची. मनीषाला वडिलांचे शर्ट आठवले. कॉलर झिजली की शिंपी ती उलटवून द्यायचा. तिने बंडी घरी नेली, गळपट्टी उसवली, उलटी करून शिवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झाली.

बाईंचा चेहरा पडला. “लालच? म्हणजे अजून नाही तर.”

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. तरुणपणी क्योटोत त्या गेशा होण्यासाठी उमेदवारी करत होत्या. शिकाऊ मुलीची गळपट्टी लाल. ती नाचगाण्यात तयार झाली की गेशांच्या घराची मालकीण आणि ताई मानलेली थोरली गेशा मिळून ठरवतात, आणि पांढरी चढते. मग मुलगी मोठी झाली असं धरतात. बाई त्याआधीच एका इंग्रज इंजिनियरचा हात धरून इकडे निघून आल्या. संसार झाला, नवरा गेला, गळपट्टी लालच राहिली.

पांढरं रेशीम मनीषाने लगेच आणलं. शिवायला मात्र हात धजेना. मोठ्या झालेल्या मुलीला ताई कशाला लागते? या शनिवारी नको, पुढच्या, असं करत तिने दिवस ढकलले. शेवटी बाईंचं वाट बघणं तिला बघवेना.

पांढरी गळपट्टी अंगावर चढली तशा बाई ताठ बसल्या. मग हात टेकून वाकल्या. “पुष्कळ केलंत, ताई. आता माझी मी सांभाळीन. तुम्ही कशाला एवढ्या लांब येता?”

“मला ताई म्हणणारं दुसरं कोणी नाही हो,” मनीषा म्हणाली. मराठीतच म्हणाली.

बाईंना त्यातलं फक्त रडू कळलं. त्यांनी तिला जवळ बसवलं, बाहीने तिचे डोळे पुसले. “रडू नये, बाळ,” त्या म्हणाल्या. ताई म्हणाल्या नाहीत.