तिघींची नावं

लग्नसराईत शिरूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात बसून ज्यांनी टम्म फुगलेली पुरी खाल्ली आहे, त्यांनी बहुतेक निमोण्याच्या साखरबाईच्या हातची खाल्ली आहे. त्यांना ते ठाऊक नसणार. पुरी लाटणारीचं नाव कोण विचारतो? नवरा गेला तेव्हा लेक अनिता चौथीत होती. दिराने वाटणीला माळाची खडकाळ पट्टी टाकली, तिच्यात कुसळाशिवाय काही उगवेना. मग साखरबाई आचाऱ्याच्या हाताखाली पोळपाट घेऊन बसली आणि काही वर्षांत स्वतःची बायकांची टोळी घेऊन मांडवोमांडवी फिरू लागली. तोंडाने महाफटकळ. आचारीसुद्धा मीठ टाकताना तिच्याकडे एक नजर टाकायचा.

इतकी लग्नं तिने पाहिली होती, की मांडवात पाय टाकला की कोणता मामा रुसणार ते ती सांगायची. पण दुसऱ्याच्या मांडवातलं शहाणपण आपल्या दारात चालतंच असं नाही.

अनिता शिरूरला कॉलेजात शिकली आणि कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून चार पोरींनी मिळून खोली घेतली होती, सुट्टीला ती घरी यायची. २००२च्या दिवाळीनंतर तिला दौंडकडचं स्थळ आलं. नदीकाठचा ऊस, दोन विहिरी, नवी मोटारसायकल. मुलाचं नाव पृथ्वीराज, बाप मारुतराव, गावात वजन असलेला माणूस. रीतीप्रमाणे त्यांनी चौकशी केली. निमोण्यातल्या टपरीवर केली, गिरणीत केली, अनिताच्या खोलीच्या मालकिणीकडे केली, कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनकडेही केली. पोरगी कुणाशी बोलते का, कुणाच्या गाडीवर बसते का, सुट्टीला खरंच घरी जाते का. साखरबाईनेही चौकशी केली. विहिरीला पाणी किती, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, पोरगं पितं का. पोरगं कुणाबरोबर हिंडलं का, हे विचारायचं तिला सुचलंसुद्धा नाही. तसं कुणालाच सुचत नाही. गाय घेताना दात बघतात, तशी पोरीची चौकशी. आणि पोराची चौकशी म्हणजे त्याच्या विहिरीची.

साखरपुडा झाला. चैत्रातली तारीख धरली. आणि एका सुट्टीच्या दिवशी पृथ्वीराज मोटारसायकल घेऊन अनिताला फिरवायला आला. साखरबाईने नाही म्हटलं नाही. होणारा नवराच तर होता.

हायवेच्या एका रसवंतीवर दोघं बसले. पृथ्वीराज रंगात आला होता. आपण किती पोरी फिरवल्या ते त्याने सांगितलं. तिघी. नुसता आकडा नव्हे, नावं सांगितली, गावं सांगितली, कोण कशी रडली तेही सांगितलं, आणि वर हसला. अनिताला ते आवडलं नाही, पण माणूस निदान लपवत तरी नाही, असं तिने मनाशी म्हटलं. मग तो म्हणाला, "आता तू सांग. नवरा-बायकोत पडदा नको. मला राग येणार न्हाई."

आणि अनिताने सांगितलं. कॉलेजात एक मुलगा होता. वर्षभर होता. लग्न करायचं ठरलं होतं, मग त्याच्या घरच्यांनी त्याला नाशिकला चुलत्याकडे पाठवून दिलं आणि ते तिथंच संपलं.

"कुठवर गेलं व्हतं?" त्याने विचारलं.

तिने तेही खरं सांगितलं.

पृथ्वीराजने ग्लास खाली ठेवला. तिला दारात सोडून तो आत न येताच निघून गेला. आठवड्याच्या आत मध्यस्थ निरोप घेऊन आला: चौकशीत डाग निघाला, सोयरीक मोडली. रसवंतीचं नाव नाही, तिघींचं नाव नाही. चौकशीत म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

अनिताने आईला सगळं सांगितलं तेव्हा साखरबाईने तिच्या थोबाडीत मारली. "गाढवे, खरं सांगायची काय गरज व्हती?"

अनिता रडली नाही. "लहानपणी खोटं बोलले म्हणून मारायचीस. आता खरं बोलले म्हणून मार."

पुढे कितीतरी दिवस ते वाक्य साखरबाईच्या डोक्यातून जाईना. पुरी लाटता लाटता ती मध्येच थांबायची आणि टोळीतल्या बायका म्हणायच्या, साखरबाईला काय झालंय. काय झालं होतं? संताप झाला होता. आधी लेकीचा, मग त्या पोराचा, आणि मग हळूहळू सगळ्याच कारभाराचा. त्याचे तीन ते पराक्रम, हिचा एक तो डाग. त्याने सांगितलं तर मोकळा स्वभाव, हिने सांगितलं तर चालू बाई. आणि पोरीने त्या मुलावर जीव लावला होता, याचं तर कुणाला सोयरसुतकही नव्हतं.

डाग लागल्याची बातमी लग्नपत्रिकेपेक्षा लवकर पोचते. आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली आणि परत फिरकली नाहीत. दीर म्हणू लागला, पोरीला कामावरून काढा. तेवढ्यात इनामगावचं एक स्थळ आलं. माणसं बरी होती, मुलगा समजूतदार दिसत होता, अनिताशी बोलला तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला. अनितालाही तो पसंत पडला. पण त्याचा बाप म्हणाला, "आमचं काय म्हननं न्हाई. फकस्त दौंडवाल्यांनी चार मान्सांत सांगावं, की पोरीत खोट न्हाई. मग आमी मोकळं."

म्हणजे ज्यांनी चिखल फेकला, त्यांच्याकडूनच स्वच्छ असल्याचा दाखला आणायचा. पण दुसरी वाट नव्हती. साखरबाई भिमाजी आप्पांकडे गेली. आप्पा दूध सोसायटीचे चेअरमन, गावातले भांडणतंटे त्यांच्यापुढे मिटायचे. अंगठी-साडी परत करायची होतीच, त्या निमित्ताने त्यांनी मारुतरावाला निमोण्याला बोलावलं.

आदल्या दिवशी साखरबाईने अनिताला विचारलं, "त्या तिघींची नावं तुला आठवत्यात?"

अनिताने आईकडे पाहिलं. "आठवतात. कशाला?"

"सांग."

अनिताने सांगितली. एक यवतकडची. एक दौंडची, बाप रेल्वेत. तिसरी तर मारुतरावाच्याच नात्यातली निघाली. साखरबाईने नावं घोकून ठेवली. तीन नावं पारावर टाकली, की मारुतरावाची मिशी खाली येणार. मग खोट कुणात ते त्यानेच सांगावं. घोकताना तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

बैठक सकाळी मारुतीच्या पारावर बसली. पंधरा-वीस पुरुष, आणि देवळाच्या खांबाला टेकून एकटी साखरबाई. पृथ्वीराज आला होता, कडक इस्त्रीचे कपडे घालून. मारुतरावाने आवाज चढवला नाही. तालेवार माणसाला चढवावा लागत नाही.

"आप्पा, आमचं कुनाशी वैर न्हाई. पन सून म्हंजी घराची अब्रू. बाईची अब्रू काचंचं भांडं. एकदा तडा गेला की गेला. आमी खोटं कसं सांगावं?"

माना हलल्या. निमोण्याच्यासुद्धा हलल्या. साखरबाईने ते पाहिलं आणि पदर खोचला.

"मारुतराव, भांडं फुटलं की दोष भांड्याला. फोडनाऱ्या हाताला कवा कुनी इचारलंय का? तुमी म्हंता चौकशीत डाग निघाला. चौकशीत काय न्हाई निघालं. तुमच्या पोरानं रसवंतीवर माज्या पोरीला इचारलं, आन् तिनं खरं सांगितलं. तिचा गुन्हा एवढाच. पन त्याच्या आदी त्यानं काय सांगितलं, ते त्याला इचारा की. तीन पोरी फिरवल्या, म्हनला. हसून सांगितलं त्यानं."

मारुतरावाने लेकाकडे पाहिलं. लेकाने जमिनीकडे. कुणीतरी मागून खाकरलं, कुणीतरी हसू दाबलं. एक जण हळूच म्हणाला, "गडी मानूस हाय, चालायचंच."

"चालायचंच?" साखरबाई त्याच्याकडे वळली. "मग त्या तिघी काय आभाळातनं पडल्या व्हत्या? कुनाच्या तरी लेकीच हायत ना त्या? त्यांचं बी चालायचंच का? त्यांची नावं हायत माज्याकडं. गावासकट हायत."

आता बैठक हलली. हसू विरलं. साखरबाईला वाटलं, बसला घाव. पण मारुतराव पुढे सरकून म्हणाला, "कोन त्या? नावं सांगा."

"व्हय, सांगाच नावं," आप्पाही म्हणाले.

"कुनाच्या पोरी त्या, कळू द्या एकदा," मागचा म्हणाला. मघा गडी मानूस म्हणून सोडून देणारा तोच.

साखरबाईने तोंड उघडलं, आणि समोरच्या तोंडांकडे पाहिलं. सगळ्यांचे कान टवकारलेले. पृथ्वीराजकडे एकही जण बघत नव्हता. त्याने काय केलं, याचं कुणाला काही पडलंच नव्हतं. सगळ्यांना नावं हवी होती. नाव पडलं की संध्याकाळपर्यंत ते यवतला पोचणार, दौंडला पोचणार, टपरीवर आणि गिरणीत पोचणार. तीन घरांत तीन पोरींच्या थोबाडीत बसणार, एखादीला नवरा हाकलून देणार. आणि पृथ्वीराज? तो परत इस्त्री करून दुसऱ्या मुलीला बघायला जाणार. ज्या दगडाने आपल्या पोरीचं डोकं फुटलं, तोच उचलून आपण दुसऱ्यांच्या पोरींना मारायला निघालो होतो, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"नावं मी घेनार न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"कारन तुमाला पोरींचीच नावं पायजेत. ज्याचं नाव घ्यायचं तो हितं बसलाय. पृथ्वीराज मारुतराव. घ्या त्याचं नाव. काढा त्याची चौकशी. त्याला डाग लावा. लावता?"

मग मारुतराव हसला. त्याला नेमकं काय हातात आलं, ते त्याला कळलं होतं. "नावं असती तर घेतली असती. बाई खोटं बोलतीया, आप्पा. पोरीचं झाकाया माज्या पोराव चिखूल उडवतीया."

आणि बैठकीला ते पटलं. पटायला सोपं होतं. आप्पा म्हणाले, "साखरबाई, असं बिनबुडाचं बोलू नये." अंगठी परत गेली, साडी परत गेली. खोट नाही हे कुणी सांगितलं नाही. वर साखरबाई खोटारडी ठरली.

घरी येऊन तिने अनिताला सगळं सांगितलं. "मी नावं घेतली असती तर तुजं काम झालं असतं गं."

अनिता म्हणाली, "घेतली असतीस तर मी तुझ्याशी बोलले नसते." आणि भाकरी थापायला बसली. इनामगावचा निरोप आला तो नकाराचाच. मुलगा एकदा कंपनीच्या गेटवर येऊन म्हणाला, माझं मन होतं पण आबा ऐकत नाहीत. अनिताने त्याला म्हटलं, मग तुमचं मन तुमच्यापाशी ठेवा. आणि ती सेकंड शिफ्टला आत गेली.

साखरबाईला त्या वर्षी ऑर्डरी कमी आल्या. खोटारड्या बाईचा हात अन्नाला नको, असंही कुणीतरी म्हणालं. पण पुरी तशी फुगवणारी दुसरी कुणी सापडेना, तेव्हा पुढच्या सराईत लोक मुकाट्याने परत आले. पोटापुढे सगळं सोवळं गळून पडतं.

त्याच सराईतल्या एका लग्नात भटारखान्यात गडबड चालली होती. पहिली पंगत बसत होती. तेवढ्यात जरीच्या साडीतली एक तरणी बाई कडेवर लेकरू घेऊन आत शिरली आणि दाराआड भिंतीला लागून उभी राहिली. लेकराला दूध पाहिजे म्हणाली. साखरबाईने दूध दिलं. लेकरू पिऊन झालं तरी बाई जाईना. दाराच्या फटीतून सारखी मांडवाकडे बघत होती. साखरबाईनेही वाकून पाहिलं. मानाच्या पंगतीत, फेटा बांधून, पृथ्वीराज बसला होता. तो नवरदेवाचा कुणी पाहुणा लागत होता. शेजारी त्याची नवी बायको होती, मान खाली घालून.

"मावशी," बाई एकदम हळू म्हणाली, "निमोण्याच्या साखरबाई तुमीच ना?"

"व्हय."

"त्या बैठकीत... तुमच्याकडं नावं हायत म्हनला व्हता, असं ऐकलं. आमच्याकडं बी बोलत व्हते लोक." तिने लेकराला छातीशी घट्ट धरलं. "दौंडची कुनी व्हती का वो त्यात? बाप रेल्वेत असलेली?"

साखरबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. वर्षभर ही बाई रोज सकाळी उठून आज नाव फुटणार का, या धाकात भाकरी थापत असणार. आणि तो तिकडे जिलबी खात होता.

साखरबाईने नाव सांगितलं नाही, ओळखलं असंही दाखवलं नाही. ती मोठ्याने, टोळीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कसली नावं गं? माज्याकडं कुनाचंच नाव न्हाई. पोरीचं झाकाया पारावर तोंडाला यील ते बोलले. खोटं बोलले मी. जा, कुनी इचारलं तर सांग, साखरबाईनं सोता कबूल केलं म्हनून."

बाईने तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. तिने लेकराचं तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि मागच्या दाराने निघून गेली.

वाढपी धावत आत आला. "मावशी, मानाच्या पंगतीला गरम पुऱ्या द्या. त्यो फेटेवाला दौंडचा पाव्हना सारखा मागतोय."

साखरबाईपुढे परातीत गरम पुऱ्यांचा ढीग पडला होता. तिने त्यावर फडकं टाकलं.

"त्याला म्हनावं, संपल्या."