पडद्यामागची खुर्ची

पडद्यामागं एक खुर्ची ठेवली होती. एकच. माझ्यासाठी.

"ये, ये. तुझी सीट तिकडं," अरुणदादा म्हणाले. "खानदानी आहे."

सगळे हसले. सिंगापूरच्या बिशानमधला त्यांचा कॉन्डो, हॉलमध्ये आमचीच मराठी माणसं, हातात वाइनचे ग्लास. एरवी पिक्चर भिंतीवर दाखवायचे. आज हॉलच्या मधोमध मुद्दाम चादर टांगलेली.

अरुणदादा वन-नॉर्थच्या ऑफिसात माझे मॅनेजर. माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथं नोकरी करायच्या परवान्याची, मुदत संपत आलेली आणि शिफारस त्यांनीच करायची. त्यांना माहीत होतं. मलाही.

महिन्यातून एकदा शनिवारी ते जुने हॉलिवूड पिक्चर लावायचे. पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या सुमाराचे. हॅटवाले डिटेक्टिव्ह, ओले रस्ते, सिगरेटचा धूर. आधी प्रत्येकानं आपल्या घरचा किस्सा सांगायचा, ही तिथली रीत. कुणाचे आजोबा मुंबईत बाल्कनीत बसायचे. कुणाची आजी इंटरव्हलला आइस्क्रीम खायची.

मागच्या महिन्यात मी माझ्या आजोबांचं सांगितलं. ते लष्कराच्या छावणीत झाडूवाले. तिथं मैदानावर कापडी पडदा लावून साहेबलोकांना हेच पिक्चर दाखवत. मैदान आजोबांनी झाडायचं, खुर्च्या आजोबांनी पुसायच्या. आणि पिक्चर सुरू झाला की पडद्यामागं जमिनीवर बसायचं. आमच्या लोकांची जागा तीच. तिथून चित्र दिसायचं, पण उलटं, डाव्याचं उजवं. गोरे गेले. पुढच्या खुर्च्यांवर आपले साहेब आले. आजोबा मागंच.

"म्हणजे तुमच्याकडं सगळे हिरो डावखुरे," अरुणदादा म्हणाले होते. तेव्हापासून ऑफिसात मी 'डावखुरी'. मीटिंगमध्येसुद्धा. आणि आज ही खुर्ची.

"अगं, गंमत करतात ते," वहिनी म्हणाल्या. "मनावर काय घेतेस?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणाची गंमत व्हायला चढले नव्हते.

मी खुर्ची उचलली. पुढं आणली. पहिल्या रांगेच्याही पुढं, बरोबर मध्ये ठेवली आणि बसले. पिक्चर सुरू झाला. प्रोजेक्टरचा झोत माझ्या पाठीवर. हिरोच्या छातीवर माझं डोकं. काळं, मोठं.

"डोकं खाली कर," अरुणदादा म्हणाले.

"नाही करणार."

"आम्हाला पिक्चर दिसत नाहीये."

"मग मागं जाऊन बघा. तिथून दिसतो."

कुणी हसलं नाही. अरुणदादांनी प्रोजेक्टर बंद केला, दिवे लावले. आवाज अगदी मऊ.

"तुझा पास कधी संपतोय गं?"

"तुम्हाला माहीत आहे."

शिफारस झाली नाही. सिंगापूर सुटलं. सुटू दे.

यापुढं जिथं जाईन तिथं आजोबांचं सांगेन. झाडूसकट, उलट्या चित्रासकट. कुणी हसलं तर अशीच झोताच्या आड बसेन, मान ताठ ठेवून. ज्याला पिक्चर बघायचा असेल, जागा त्यानं बदलावी.