अँटिबॉडी आणि चार दिवसांचा अबोला

उल्हासनगरच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला आणि पायऱ्यांवरच उघडला. अँटी-टीपीओ अँटिबॉडीज, नॉर्मलच्या कितीतरी पट. मी तिथंच बसले.

सहा महिने केस गळत होते, चेहरा सुजत होता. आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंग करताना बसल्या जागी डोळा लागायचा. म्हणून डॉक्टर मॅडमनी थायरॉईडच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. पण अँटिबॉडी हा शब्द मी त्याआधी एकदाच ऐकला होता. लेकीच्या वेळी सरकारी दवाखान्यात एका बाईंनी समजावलं होतं, एचआयव्ही झाला की रक्तात अँटिबॉडी सापडतात. तेवढंच डोक्यात बसलेलं.

आमचे हे कंपनीचा टेम्पो घेऊन वापीला मुक्कामी जायचे. झालं! ह्यांनीच बाहेरून रोग आणला, असं ठरवून टाकलं. मीच वकील, मीच जज.

रिपोर्ट डब्यांमागे लपवला. चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तीन वर्षांच्या लेकीला माझ्या ताटातला घास देईना. ती रडायची, मी मोरीत जाऊन रडायचे. मी गेले तर हिचं कोण करणार, हाच घोर.

पाचव्या दिवशी हे म्हणाले, "काय झालंय ते बोल तरी." मी रिपोर्ट अंगावर फेकला आणि तोंडाला येईल ते बोलले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाले, "माझं पण ब्लड चेक करू. पण पहिलं मॅडमकडं चल."

मॅडमनी रिपोर्ट नीट वाचला. "ताई, हा एचआयव्ही नाही. अँटिबॉडी पुष्कळ प्रकारच्या असतात, या थायरॉईडच्या. गळ्यातली ही ग्रंथी आपलीच, पण शरीराचा पहारेकरी तिलाच चोर समजून मारतोय. याला हाशिमोटो म्हणतात. हा कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही."

मला ह्यांच्याकडं बघवेना. आपल्याच माणसाला चोर समजून मी तरी दुसरं काय केलं होतं?

ग्रंथी मंदावल्यामुळं टीएसएच, म्हणजे तिला कामाला लावणारं हार्मोन, वाढलं होतं. त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा तासाभरानं. "अँटिबॉडीचा आकडा सारखा तपासू नका, टीएसएच तपासायचा," मॅडम म्हणाल्या. तीन-चार महिन्यांत मी माणसात आले. त्या मॅडमचं भलं होवो.

तुमच्या रिपोर्टात हा शब्द दिसला, तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. डॉक्टरांना विचारा.

आमची भांडणं होतात, चांगली खणखणीत होतात. पण त्या चार दिवसांचा विषय ह्यांनी आजवर एकदाही काढलेला नाही.