सुनेनं शिकवलेला उंडा

आमच्या पाहुण्यारावळ्यांत माझं एका पदार्थावरून नाव आहे. लग्नकार्यात भेटलेली कुणीही बाई दोन वाक्यांत तिथंच येते, "ते जपानी लाडू तुम्हीच केलेलासा न्हवं?" मी हसते आणि सांगते की ते लाडू नव्हते. तांदळाच्या मऊ पारीत पुरण आणि पुरणाच्या पोटात अख्खी स्ट्रॉबेरी, असा तो प्रकार होता. बाईची ही एक चूक मी दरवेळी न चुकता दुरुस्त करते. तो पदार्थ मी केलेला नव्हता, ही दुसरी चूक मात्र आजवर एकदाही दुरुस्त केलेली नाही.

माझं माहेर कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं. वडील शाळेत मराठी शिकवायचे आणि घरात कुणी 'हाय', 'न्हाय' म्हटलं की पुस्तकातून मान वर करून बघायचे. त्या एका नजरेनं आम्ही भावंडं शुद्ध बोलायला शिकलो आणि वर शिष्टही झालो. नव्वद साल उलटल्यावर मी लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. घरात तो, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे.

आत्ती मुरगूडच्या. शेतात राबलेल्या, लवकर विधवा झालेल्या, आवाज असा की स्वयंपाकघरातून मला हाक मारली की तालमीच्या कट्ट्यावर बसलेली फुटबॉलवाली पोरं वळून बघायची. तिकडच्या बायका बोलतात तसं त्याही स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलो' म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री. मला त्यांची लाज वाटायची. हे सरळ लिहिलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. माहेरची माणसं यायची असली की मी त्यांना हळूच काहीतरी काम लावून मागं पाठवायचे. शेंगा निवडा, कपडे वाळलेत का बघा. त्या जायच्या. त्यांना ते कळत नसावं, असं मी धरून चालले होते.

नव्वदचं दशक सरता सरता नवऱ्याला कंपनीनं तीन महिने जपानला पाठवलं, नव्या मशीनचं काम शिकायला. तिथं ज्या इंजिनियरच्या हाताखाली तो होता, त्यांच्या बायकोनं एकदा त्याला घरी बोलावून हे गोड खाऊ घातलं. नवऱ्याला गोड म्हणजे जीव की प्राण. त्यानं इतकं कौतुक केलं की त्या बाईंनी इंग्रजीत कृती लिहून दिली, शेजारी पेन्सिलीनं चित्रंही काढली, आणि तिकडच्या चिकट तांदळाच्या पिठाच्या दोन पिशव्या बांधून दिल्या. त्या पिशव्या आमच्या फडताळात चांगल्या सहा महिने पडून होत्या.

मग हिवाळ्यात मशीन बसवायला ते इंजिनियर कोल्हापूरला आले आणि बायकोलाही घेऊन आले. नवऱ्यानं त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. "तिच्याच हातचा पदार्थ तिलाच करून घालूया," तो म्हणाला. मला ते आवडलं. शेजारच्या बायकांना मी आठवडाभर आधीच सांगून मोकळी झाले होते की आमच्याकडं जपानचे पाहुणे येणार आणि मी जपानी गोड करणार.

शनिवारी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स आणले आणि कागद समोर घेऊन बसले. इंग्रजी सोपं होतं. पण वाचता वाचता 'तांदळाचं पीठ' आणि 'वाफ' हे दोन शब्द दिसले आणि मी कागद बाजूला ठेवला. तांदळाचं पीठ, वाफ आणि आत गोड सारण, म्हणजे मोदकच की! मोदक मला येत होते. पातेल्यात पाणी उकळलं, चिमूटभर मीठ घातलं, चमचाभर तूप सोडलं, अख्खी पिशवी त्यात ओतली आणि झाकण ठेवलं.

झाकण काढलं तेव्हा आत खळ होती. उलथनं त्यात उभं राहिलं. मोदकाला करतात तसा हात पाण्यात बुडवून मी पारी करायला गेले, तर ती हातावरून सटकली. कळ्या पाडायला गेले, तर पाडलेली कळी डोळ्यांदेखत आक्रसून नाहीशी झाली. नुसती स्ट्रॉबेरी आत ठेवून, जोर लावून एक कसाबसा बंद केला, तो खालून फुटला आणि स्ट्रॉबेरीचं लाल पाणी कोपरापर्यंत आलं. तासाभरानं ताटात एक गुलाबी गोळा तेवढा उरला.

"पीठच खराब दिसतंय," मी म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

आत्ती उंबऱ्याशी बसून तिकडच्या लाल कडधान्याऐवजी पुरणासाठी लाल चवळी निवडत होत्या. "कागदावर काय ल्हिलंय ते तरी नीट बघ की," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला इंग्रजी येतं का, आत्ती?"

त्यांनी वर बघितलं. "न्हाय," म्हणाल्या आणि परत चवळी निवडायला लागल्या.

संध्याकाळी मी पाहते तर त्या गुलाबी गोळ्यातला लिंबाएवढा तुकडा त्यांनी तोडून घेतला होता आणि दोन्ही हातांनी तो ताणत होत्या. तुकडा लांबत गेला, तुटला नाही. "ही मोदकाची उकड न्हवं, पोरी," त्या म्हणाल्या. "ही आपली पोळीची कणीक हाय. बघ कशी तार सुटतीया."

आमच्याकडं पुरणपोळीची कणीक सैल भिजवतात आणि तिंबून तिंबून इतकी मऊ करतात की ती हातात धरली की खाली लोंबते. कणीक थोडी आणि पुरण तिच्या दुप्पट. पुरणाचा गोळा कणकेवर ठेवायचा, तळहाताच्या वाटीत फिरवत फिरवत अंगठ्यानं आत दाबायचा, कणीक आपोआप वर चढत येते, मग शेवटचं टोक चिमटून तोडायचं. हा झाला उंडा. आत्तींनी जन्मभरात किती उंडे भरले असतील याला गणती नाही. मला पोळी लाटता यायची, उंडा मात्र नेहमी त्याच भरून द्यायच्या.

रविवारी सकाळी दुसरी पिशवी त्यांनी फोडली. कागद माझ्याकडून मागून घेतला आणि चित्रं नीट बघितली. मला एवढंच विचारलं, "पाणी किती वाट्या ल्हिलंय?" मी वाचून सांगितलं. त्या सगळ्या कामात माझा वाटा तेवढाच. पीठ, साखर आणि पाणी त्यांनी भांड्यात कालवलं आणि भांडं मोदकपात्रात ठेवलं. तेवढ्यात परातीत भाजलेली तांदळाची पिठी पसरली, कच्ची पिठी दाताला कचकचते म्हणून भाजलेली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं एकेक स्ट्रॉबेरी पुसून कोरडी केली आणि पुरणात गुंडाळली. मग वाफेतून काढलेला तो पांढरा, चकचकीत लगदा गरम गरमच पिठीत ओतून तोडायला लागल्या.

"हात ओला करा, आत्ती, चटका बसेल," मी म्हणाले.

"पाण्यानं सटाकतंय ते. कोरड्या पिठीतच भरायचं."

बोटांची टोकं लाल झाली तरी त्या थांबल्या नाहीत. अठरा झाले. पांढरे, गुबगुबीत, टोक खाली दडवलेले. एकही फुटला नव्हता. दोन उंड्यांचं साहित्य उरलं, ते त्यांनी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं.

त्यानंतर त्या आंघोळीला गेल्या आणि इरकल लुगडं नेसून बाहेर आल्या. ठेवणीतलं, काळ्याभोर अंगाचं, लाल काठाचं. सकाळी मिश्री लावली नव्हती, दात मिठानं घासले होते. माझ्या ते लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मी म्हणाले, "आत्ती, तुम्ही आतच बसा बरं का. ते इंग्रजी बोलणार, तुम्हाला उगीच अवघडल्यासारखं होईल."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि इरकल नेसून स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसल्या.

पाहुणे आले, जेवण झालं, आणि मी काचेच्या बशीतून गोड बाहेर नेलं. त्या बाईंनी बशी बघून दोन्ही हात तोंडावर ठेवले. एक घास घेतला, डोळे मिटले. मग आपल्या नवऱ्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं?

"मी," मी म्हणाले.

मला एक क्षणही थांबावं लागलं नाही, ते तोंडातून सहज निघालं. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग बशीकडं. आत बसलेल्या आत्ती आणि आमच्यामध्ये फक्त पडदा होता.

बाईंनी अर्धा उंडा निरखत विचारलं, पुरणात मी काय घातलं? साखरच, मी म्हणाले. कागदावर साखर होती ना. त्या हसल्या, पुन्हा वास घेतला आणि मान डोलावली. त्यात गूळ होता. आत्तींनी चवळीत मूठभर गूळ टाकला होता आणि मी पुरण चाखूनसुद्धा बघितलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा झाले ते झालेच, वर बीळ कसलं आहे तेही मला माहीत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, माझी स्ट्रॉबेरी नेहमी फुटते, तुम्ही बंद कसं केलं ते मला दाखवाल का?

आम्ही सगळे स्वयंपाकघरात गेलो. आत्ती पाटावरून उठून उभ्या राहिल्या. नवरा त्यांना म्हणाला, "आई, हिनं उंडा कसा बंद केला, ते ह्यांना बघायचंय." 'हिनं' म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

मी फडकं काढलं. सवयीनं हात सरळ पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि गोळा उचलला. तो हातावरून घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. ती बाई माझ्या बोटांकडं बघत होती. जिनं कागद लिहून दिला होता तिच्यासमोर मी उभी होते आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं.

आत्तींनी माझं मनगट धरलं. इरकलच्या पदरानं माझा हात पुसला आणि मुलाला म्हणाल्या, "हिच्या बोटाला सकाळी वाफ लागलीया. पावणीबाईस्नी सांग, मी करून दावतो. सुनंनंच शिकीवलंय मला."

नवऱ्यानं ते इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आणि ती बाई आत्तींच्या हाताकडं वळायच्या आधी माझ्यासमोर कमरेत वाकली, शिकवणारीला मान देतात तशी. मी काय केलं? मी उजव्या हाताचं बोट दुमडून दुसऱ्या हातात धरलं, खरंच भाजल्यासारखं. माझ्या शेजारी ज्या बाईची दहाही बोटं खरोखर भाजली होती ती पिठीत हात घालून उंडा फिरवायला लागली.

पाहुणे गेल्यावर मी भांड्यांकडं वळले. आत्ती म्हणाल्या, "राहू दे. भाजलेलं बोट पाण्यात घालू नगंस. भांडी मी घासतो." त्यात टोमणा होता की काय, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी इरकल बदललं आणि खरोखरच सगळी भांडी घासली.

माफी मागायला तो दिवस होता, तो गेला. पुढच्या आठवड्यात त्या मुरगूडला गेल्या आणि जावा-नणंदांना सांगून आल्या की आमच्या सुनेनं जपानच्या बाईला जपानचं गोड करून घातलं आणि मलाबी शिकीवलं. ते सांगणं त्यांनी पुढं कधी बदललं नाही. हळदी-कुंकवाला बायका 'तुम्ही करून दाखवा की' म्हणाल्या तर आत्तीच मध्ये पडायच्या, "आवो, पीठ मिळाय नगं व्हय हितं?" मी तिळगूळ वाटायला लागायचे. नवरा आणि मी यावर एकदाही बोललो नाही.

सात-आठ वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी पेज भरवताना माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्ती, त्या दिवशी मी खोटं बोलले. मुरगूडच्या सगळ्यांना मी खरं सांगणार आहे."

त्यांनी पेज गिळली. "आता नगं. मीच खोटी पडंन की."

मी रडायला लागले. त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली, रागानं नव्हे. मग म्हणाल्या, "सांगायचंच हुतं, तर त्याच दिवशी सांगायचं हुतंस. मी इरकल नेसून बसलो हुतो की."

त्या गेल्यावर भेटायला मुरगूडहून बायका आल्या. एक म्हातारी जाऊ डोळे पुसत म्हणाली, "लई हौशी बाई. ह्या वयात सुनंकडनं जपानचा पदार्थ शिकली." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्ती खोट्या पडू नयेत म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगितलं. पण गप्प राहणं मला सोयीचंही होतं. मी मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेले.