कागदावर नसलेली ओळ

उताऱ्याची शेवटची ओळ छापलीच गेली नाही, हे मला हडपसरच्या बसमध्ये कळलं. झेरॉक्सवाल्याने कागद तिरका ठेवला असणार. वस्तीतल्या मुलांकडून वाचून घ्यायचा तो उतारा शेळीचा होता. शेळी रानात जाते, पाला खाते, वाट चुकते. शेवटी ‘संध्याकाळ झाली, शेळी घरी आली.’ नेमकी तीच ओळ गायब. एक ओळ कमी वाचतील, त्यात काय, म्हणून मी कागद पिशवीत ठेवले.

संस्था वस्त्यांमध्ये मुलांचे वर्ग चालवतात. त्या वर्गांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासणं माझं काम. मुलांना वाचता येत नसेल तर वर्गाची मदत थांबते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. लोणी काळभोरच्या पुढे अशाच एका पत्र्याच्या वर्गात मला अक्षरओळख झाली. आयुष्यात कधी कॉपी केली नाही, आणि हे मी कोणी न विचारता सांगते.

कालव्याकाठच्या त्या वर्गाच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. पहिली आली ती आठेक वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ. कागदावर बोट ठेवून तिने धडाधडा वाचलं. बोट कागदाच्या तळाशी, कोऱ्या जागेवर आलं आणि ती म्हणाली, “संध्याकाळ झाली, शेळी घरी आली.”

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. दुसऱ्या मुलानेही शेळी घरी आणली. तिसऱ्यानेही. मग मी त्या मुलीला शाळेचं पुस्तक काढायला लावलं आणि मधलंच एक पान उघडून दिलं. ती पानाकडे बघत राहिली. मग ताईकडे.

ताई म्हणजे वर्ग चालवणारी बाई, दहावी पास, त्याच गल्लीतली. मुलांना बाहेर पाठवून तिने दार लोटलं.

“मागच्या वर्षी तुमचे सर आले होते. त्यांचा एक कागद इथंच राहिला.”

“आणि तुम्ही पाठ करून घेतलात.”

“घेतला. पोरांच्या आया कंपन्यांमध्ये साफसफाईला जातात, सकाळी सातला. येतात दिवे लागल्यावर. शाळा सुटली की हे सगळं लेंढार माझ्याकडे, आणि शाळेत न जाणारी दिवसभर. एकाचं नाक पुसेस्तोवर दुसरं कालव्याकडे पळतं. वाचायला कधी शिकवू? वर्ग बंद झाला तर पोरं कुठं जातील, ते लिहायला जागा आहे का तुमच्या फॉर्मात?”

नव्हती. “तरी खोटं ते खोटंच, ताई.”

“शिकलेल्या तुम्ही. बरोबरच बोलणार.”

शनिवार पेठेतल्या ऑफिसात मी साहेबांना आयांचं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “अहो, मग पाळणाघर म्हणून अर्ज करायचा होता त्यांनी. आपल्याला वाचन तपासायला पाठवलंय.”

मी अहवाल लिहिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आयांबद्दल एक वेगळं पान जोडता आलं असतं, कोणी हात धरला नव्हता. नाही जोडलं. पाठांतर पकडल्याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. माझ्या लहानपणीही वर्गावर पाहुणे यायचे, आणि बाई दर वेळी मलाच पुढे करायच्या. मी वाचायचे, पाहुणे खूश व्हायचे. मागे बसलेल्यांना काय येत होतं, ते कोणी विचारलं नाही. हे मला आठवलं, पण अहवाल गेल्यावर.

वर्ग बंद झाला. काही महिन्यांनी दुसऱ्याच एका पाहणीसाठी मी त्या गल्लीत गेले. दुपारचे दोन. दारांना बाहेरून कुलपं, आणि आतून पोरांचे आवाज.

एका खिडकीच्या गजांमागे ती पहिली वाचणारी मुलगी उभी होती.

“मॅडम, परीक्षा आहे?”

“नाही गं. शाळेत नाही गेलीस?”

“याला कोण बघणार?” तिच्यामागे जमिनीवर भाऊ झोपला होता. “मला येतं अजून.”

मी नको म्हणायच्या आत तिने सुरू केलं. गज धरून, माझ्या तोंडाकडे बघत, एकही शब्द न चुकता. शेळी रानात गेली, वाट चुकली. संध्याकाळ झाली, शेळी घरी आली.

“आता उघडणार वर्ग?”

“आई कधी येते तुझी?” मी विचारलं.

“दिवे लागल्यावर.”

पिशवीत बिस्किटाचा पुडा होता, तो गजांतून दिला. किल्ली आईकडे. मी पुढच्या दाराशी गेले. तिथंही कुलूप होतं.